गाडीचा कुलवृत्तान्त

रत्नागिरीत नवा माणूस दिसला की त्याचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुठले?" तो "पुण्याचा" म्हणाला की दुसरा प्रश्न तयार असतो, "ते झालं हो, मूळचे कुठले?" मग तो निमूटपणे देवरुख किंवा गुहागर कबूल करतो. त्यावर तिसरा प्रश्न येतो, "म्हणजे वरच्या वाडीतले, की पऱ्ह्याजवळचे?" तिसऱ्या प्रश्नाला जो टिकला त्याला बसायला खुर्ची मिळते. चहाचं त्यानंतर बघतात.

गेल्या गणपतीत हे तिन्ही प्रश्न आमच्याकडे एका मोटारीला विचारण्यात आले.

मोटार माझ्या भाच्याची. भाचा पुण्याला असतो, हे वेगळं सांगायला नकोच. कोकणातले सगळे भाचे पुण्यालाच असतात. त्याने एमजीची कॉमेट घेतली. विजेवर चालणारी, दोन दारांची, चार माणसांची, आणि लांबून बघितली तर कुणीतरी मोठी गाडी मागून कापून नेल्यासारखी दिसणारी. पहिली गाडी आजीला दाखवायची म्हणून चतुर्थीला घेऊन येतो म्हणाला. आता ही गाडी एकदा भरली की २३० किलोमीटर जाते असं कंपनी सांगते, आणि घरच्या प्लगवर ती पोटभर जेवायला सात तास घेते. पुण्याहून कोल्हापूरमार्गे रत्नागिरी साडेतीनशेच्या पुढे. तेव्हा चिरंजीव पहिल्या रात्री साताऱ्याला आत्याकडे उतरले, दुसऱ्या रात्री कोल्हापुरात मित्राकडे, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आंबा घाटातल्या धुक्यातून खाली आले. पेशवाईत याहून फार हळू येत नसावेत. फरक एवढाच की तेव्हा मुक्कामाला भोयांना जेवायला घालावं लागे, इथे पालखीलाच.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा बेड्याचा, म्हणजे अंगणात शिरायच्या फाटकाचा आहे.

आमचं घर परटवण्याच्या बाजूला, जुन्या आळीत. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे आणि मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट. ही वाट जिने आखली त्या पिढीला मोटार नावाची वस्तू ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी तिने गडगा मागे घेतला नसता. कोकणात माणूस एकवेळ बोलायचा थांबेल, गडगा मागे घेणार नाही. त्यामुळे आजवर घरातल्या प्रत्येक पाहुण्याची गाडी वर डांबरी रस्त्याला राहिली आहे आणि पाहुणा बॅगा घेऊन, छत्री सांभाळत, शेवाळावरून घसरत खाली आला आहे. मुंबईच्या मेव्हण्यांची ती उंच, अवाढव्य गाडी तर मारुती मंदिरापासूनच जागा शोधायला लागते.

कॉमेट सरळ आळीत शिरली. बेड्याशी क्षणभर थांबली. आम्ही दोन्ही बाजूंना उभे राहून "ये, ये, ये, अजून ये" केलं, आणि दोन्हीकडे तळहाताएवढी जागा ठेवून ती अंगणात आली. अंगणात आल्यावर पुढे काय, मागे जाताना हिचे काय हाल होणार, असा विचार मी करत होतो तोवर तिने तुळशीला एक वळसा घातला आणि तोंड बेड्याकडे करून उभी राहिली. वळायला तिला ४.२ मीटरची त्रिज्या पुरते. आमच्या तुळशीला प्रदक्षिणा घातलेली ही पहिली मोटार. आई ओटीवर बसून वाती वळत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "सोवळ्यात होती का रे?"

शेजारचे आप्पा गडग्यावरून बघत होते. आप्पा निवृत्त आहेत, म्हणजे पूर्ण वेळ कामात आहेत. गेली चौदा वर्षं ते त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढत आहेत. कुलवृत्तान्त म्हणजे काय ते रत्नागिरीबाहेरच्यांना सांगावं लागेल: एखाद्या आडनावाचे झाडून सगळे लोक, मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत, कोण कोणाचा, कुठे गेला, कोणाला दत्तक गेला, किती शिकला, याची जाडजूड नोंदवही. वाचणारा फक्त आपलं नाव बघतो आणि त्यात चूक सापडली की आयुष्यभर बोलत नाही. आप्पा गडगा ओलांडून आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले,

"कुठली?"

"एमजी, आप्पा. ब्रिटिश," भाचा म्हणाला.

"इंग्रजांची? एवढीशी?" आप्पांचा इंग्रजांबद्दल थोडा आदर आहे. टिळक आळीत जन्म घेऊनही तो त्यांना टाळता आलेला नाही. "मूळची कुठली?"

इथे भाच्याने चूक केली. त्याने फोन काढला.

त्यातून जे निघालं ते संध्याकाळपर्यंत संपलं नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं घराणं, १९२४ च्या सुमाराचं, हे खरं. पण ते घराणं २००५ मध्ये बुडालं. ते चीनच्या नानचिंगमधल्या कारखान्याने विकत घेतलं, आणि २००७ मध्ये तो कारखानाच शांघायच्या साइक या मोठ्या सरकारी कंपनीत विलीन झाला. "म्हणजे दत्तक," आप्पा वहीत लिहीत म्हणाले. "नाव ऑक्सफर्डचं, घर शांघायचं. चालतं. आमच्यातही सांगलीचे एक आहेत तसे." कॉमेट हे नावसुद्धा १९३४ साली इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यत मारलेल्या विमानाचं आहे, हे कळल्यावर त्यांनी साताऱ्याला आणि कोल्हापूरला मुक्काम केलेल्या त्या विमानाकडे एकदा वळून पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. गाडी एमजीचीही नाही. एमजी हे तिचं सासरचं नाव. तिचा जन्म वूलिंग नावाच्या घरातला आणि वूलिंग दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातल्या लिऊचौ या गावचं. लिऊचौबद्दल मी नंतर रात्री जागून वाचलं आणि मला गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं. एक तर हे गाव एका वासासाठी प्रसिद्ध आहे. नदीतल्या गोगलगायींच्या पाण्यात शेवया शिजवायच्या आणि वर आंबवलेले बांबूचे कोंब घालायचे, अशी तिथली खासियत आहे आणि ती कोण खातंय ते पलीकडच्या गल्लीत कळतं. मासळीच्या वासात वाढलेल्या आमच्या मिरकरवाड्याच्या माणसाने नाकाला रुमाल लावायचं कारण नाही. दुसरं म्हणजे, जन्मावं कुठे, राहावं कुठे, जेवावं कुठे आणि मरावं कुठे याची चिन्यांची एक जुनी म्हण आहे, तिच्यात मरायला लिऊचौ सांगितलंय. कारण तिथलं लाकूड उत्तम, शवपेट्या फार टिकाऊ. म्हणजे दोन्ही गावं पेट्यांसाठीच नावाजलेली. आमच्या पेटीत डझनावर माल बसतो, एवढाच काय तो फरक.

कारखाना १९५८ चा. आधी यंत्रं, मग ट्रॅक्टर, दिवस वाईट आले तेव्हा शिलाई मशीनसुद्धा. मग ऐंशीच्या दशकात त्यांनी जपानच्या मित्सुबिशीची एक चिमुकली व्हॅन समोर ठेवली आणि शाळेत पाटीवर गिरवतात तशी गिरवली. हे आप्पांना पसंत पडलं नाही. पण नावाची कथा ऐकल्यावर ते विरघळले. मित्सुबिशी म्हणजे तीन शंकरपाळ्या. अक्षरशः. जपानी शब्दाचा अर्थच तीन चौकटी, आपल्या शंकरपाळीच्या आकाराच्या, आणि त्याच त्यांच्या बोधचिन्हात आहेत. वूलिंग म्हणजे पाच शंकरपाळ्या. तेच चिनी अक्षर, फक्त आकडा वाढवलेला. नक्कल करताना दोन जास्त घालणारा माणूस कुठल्याही संस्कृतीत जगतो.

या पाच शंकरपाळ्यांच्या घरात २००२ मध्ये शांघायची साइक आणि अमेरिकेची जनरल मोटर्स येऊन बसल्या. अनेक वर्षं ते खेडोपाड्यातल्या लोकांसाठी माल-माणूस दोन्ही वाहणाऱ्या व्हॅन काढत राहिले. चीनमध्ये वूलिंगची व्हॅन म्हणजे आपल्याकडची वडाप समजा: बारा माणसं, दोन शेळ्या आणि वर एक कपाट. अशा घरात विजेची शहरी गाडी जन्माला यावी हे आश्चर्यच. पण त्यांनी २०१७ मध्ये बाओजून या भावंडाच्या नावाने ई-१०० नावाची दोन माणसांची एक डबी काढली, आणि ती विकण्याची पद्धत अशी ठेवली की लिऊचौमधल्या हजारो लोकांना आधी महिनोन्महिने नुसती चालवायला द्यायची. शहरानेही जिथे दोन मोठ्या गाड्यांमधली फट दिसेल तिथे हिच्यासाठी पट्टे मारून दिले, प्लग बसवले. लोक चालवत गेले आणि कुरकुर करत गेले: मागे सीट द्या, पिशवी ठेवायला जागा द्या, सासूबाईंना घेऊन जाता आलं पाहिजे. कंपनी ऐकत गेली. मला यातलं सगळ्यात चिनी काय वाटलं असेल तर ते ऐकणं. रत्नागिरीत असा प्रयोग झाला असता तर गाडी घेणाऱ्याने तीन महिने फुकट चालवून परत करताना "बरी आहे, पण आमच्या उपयोगाची नाही" म्हटलं असतं. आणि ते खरं असतं.

जुलै २०२० मध्ये होंगगुआंग मिनी ईव्ही आली. तोवर हाच कारखाना साथीच्या पहिल्या महिन्यांत मास्क शिवत होता. शिलाई मशीनचा हात पुन्हा कामी आला असावा. मिनीची किंमत २८,८०० युआन, म्हणजे तेव्हाचे तीन लाख रुपये साधारण. लांबी तीन मीटरच्या आत. सगळ्यात स्वस्त गाडीत एअरबॅग नाही, थंड हवेचं यंत्रही नाही. बॅटरी आमच्या भाच्याच्या गाडीच्या जवळजवळ अर्धी. आणि तरी, किंवा म्हणूनच, २०२१ या एका वर्षात जवळजवळ चार लाख खपल्या. चिनी पोरींनी त्या गुलाबी, पिस्ता, लिंबू अशा रंगांत रंगवल्या, छतावर कान बसवले. प्रत्येक गाडीमागे नफा म्हणाल तर खोबऱ्याच्या वडीला लागलेल्या तुपाएवढा. पण विजेची गाडी काढली की सरकारदरबारी पुण्य जमा होतं आणि पेट्रोल जाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीला ते पुण्य विकता येतं. हे ऐकल्यावर आप्पांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. "पुण्य विकता येतं?" हा प्रश्न त्यांनी भाच्याला नाही, आमच्या देवघराकडे बघून विचारला.

मिनीची धाकटी, जरा शिकलेली बहीण म्हणजे एअर ईव्ही. तिचा पाळणा आधी इंडोनेशियात हलला, २०२२ मध्ये. त्याच वर्षी बालीला जी-२० ची बैठक भरली तेव्हा पाहुण्यांच्या दिमतीला ह्याही गाड्या होत्या. तिथून कपडे बदलून, एमजीचं कुंकू लावून, २६ एप्रिल २०२३ रोजी ती भारतात कॉमेट म्हणून आली. सुरुवातीची किंमत ७ लाख ९८ हजार. बॅटरी १७.३ युनिटांची. लांबी २९७४ मिलिमीटर. आप्पांनी खातरजमा म्हणून सुतारी टेप लावली: नऊ फूट नऊ इंच. रुंदी पाच फुटांना इंचभर कमी. मग ते टेप तसाच धरून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं गाडीकडे बघतायत. ते आमच्या सामायिक गडग्याकडे बघत होते.

"नॅनो याहून मोठी होती," ते शेवटी म्हणाले.

होती. सव्वाशे मिलिमीटरने. नॅनो पुण्याची, म्हणजे आपल्याच घरची. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीला दाखवली तेव्हा एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली, आणि दहा वर्षांत कारखान्यातून तिचं नाव निघून गेलं. आज तिच्यापेक्षा पाच इंच आखूड गाडी आठ लाखांना घेऊन भाचे तीन दिवस प्रवास करतात. स्वस्त म्हणून विकली की आपल्याकडे वस्तू कोणी घेत नाही, हे आमच्याकडचा कुठलाही आंबेवाला विनामूल्य सांगेल. अढीतला तोच आंबा वेगळा काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि "हे घरच्यासाठी ठेवले होते" म्हणायचं.

आणि नॅनोच्याही आधी, आंबा घाट चढून गेलं की तिकडे इचलकरंजीला, शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसाने छोटी मोटार केली होती. १९४९ मध्ये पहिली. मग वीस-पंचवीस वर्षं ते ती सुधारत राहिले. 'मीरा' नाव ठेवलं. इंजिन मागे, किंमत बारा हजार, सामान्य माणसासाठी. वूलिंगने व्हॅन गिरवायला घेतली त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. कारखाना काही उभा राहिला नाही. लिऊचौला हजारो माणसांची कुरकुर ऐकायला एक सबंध शहर होतं. इचलकरंजीला एकटे शंकरराव होते. मी हे सांगितल्यावर आप्पा गप्प झाले आणि त्यांनी वहीत वेगळं पान उघडून त्यावर फक्त 'मीरा' लिहिलं. निपुत्रिकांसाठी कुलवृत्तान्तात असं पान असतं.

पण आप्पांना सोयरीक जुळवल्याशिवाय झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. त्यांचा प्रश्न साधा होता: चिनी मुलगी आपल्याकडे आली, तर मधे कोणी मध्यस्थ असणारच. आणि होतेच. एक मॅटिझ. जुजारो या इटालियन कारागिराच्या पेढीत आखलेली. फियाटकडे जमलं नाही म्हणून कोरियाच्या देवूला दिलेली, आणि १९९८ मध्ये आपल्याकडेही आलेली. माळनाक्याला एका डॉक्टरांकडे होती, मला पिवळी आठवते. देवू बुडाली, मॅटिझ जनरल मोटर्सकडे गेली आणि २००७ मध्ये स्पार्क नाव घेऊन पुन्हा भारतात आली. इकडे चीनमध्ये २००३ पासून चेरी क्यूक्यू नावाची एक गाडी विकली जात होती, ती मॅटिझशी इतकी मिळतीजुळती की एकीचं दार दुसरीला बसतं असं जनरल मोटर्सचं म्हणणं. २००५ मध्ये कोर्टकचेरी झाली आणि त्याच वर्षी तडजोड. जमिनीच्या वादात एवढ्या लवकर तडजोड झालेली आप्पांच्या माहितीत नाही. त्यांच्या स्वतःच्या एका दाव्यात वादी, प्रतिवादी आणि ज्या फणसावरून वाद होता तो फणस, तिघेही दिवंगत आहेत.

ही स्पार्क आधी गुजरातेत हालोलला होत असे. मग २००८ पासून आपल्या तळेगावला. पुढे जनरल मोटर्सने भारतातून काढता पाय घेतला. हालोलचा कारखाना २०१७ मध्ये शांघायच्या साइकने घेतला, आणि आज कॉमेट तिथेच जुळवली जाते. म्हणजे मॅटिझची नात ज्या घरात वाढली त्याच घरात वूलिंगची ही मुलगी नांदायला आली. तळेगावचा कारखाना मात्र दुसऱ्या एका चिनी कंपनीला, ग्रेट वॉलला द्यायचा ठरला होता. २०२० च्या जानेवारीत बोलणी पक्की झाली, जूनमध्ये गलवानला जे झालं ते झालं आणि लग्न मोडलं. आता तो ह्युंदाईकडे आहे. आप्पांनी बाण काढत काढत वहीचं पान इतकं भरवलं की ते कोयनेच्या वीजवाहिन्यांच्या नकाशासारखं दिसायला लागलं.

"आणि मारुती?" मी सहज म्हटलं. रत्नागिरीत मारुती हा पत्ता आहे. शहरात कुठेही जायचं असेल तर आधी मारुती मंदिरावरून जावं लागतं.

तेही निघालं. आपली १९८६ नंतरची मारुती ८०० आणि चीनमधली चांगआन आल्टो, दोन्ही जपानच्या सुझुकीच्या एकाच साच्यातल्या. चांगआन म्हणजे चोंगचिंगचा जुना शस्त्रांचा कारखाना, त्याने बंदुका बाजूला ठेवून तीच गाडी काढली. ज्या काळात आम्ही आठ जण एका ८०० मधून गणपतीपुळ्याला जात होतो, त्याच काळात तिकडे आठ चिनी त्याच गाडीतून कुठल्यातरी देवळाला जात असणार. मावसबहिणी. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता, एवढंच.

एवढं सगळं होऊनही आप्पांचं समाधान नव्हतं. कारण अजून रत्नागिरीशी काही नातं लागलं नव्हतं.

मधे चतुर्थी आली. आमचा गणपती शाळेतून आणायचा असतो. गणपतीची शाळा म्हणजे मूर्ती करतात ती जागा. तिथे शिकायला जाणारा तो एकच. दरवर्षी पाटावर मूर्ती घेऊन मी डोक्यावर छत्री धरवत चालत येतो. यंदा भाचा म्हणाला, गाडीतून आणू. आईने सांगितलं, मीही येते. ती सात वर्षांत शाळेत गेलेली नव्हती, कारण वर रस्त्यापर्यंत चढणं तिच्या गुडघ्यांना जमत नाही. अंगणातून गाडीत बसायचं, हे तिला पुनःपुन्हा सांगावं लागलं. "अंगणातूनच?" "अंगणातूनच." तिने नऊवारीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि खरंच अंगणातून, चपलासुद्धा ओटीवर ठेवून, गाडीत बसली.

येताना अडचण कळली. गाडीला दारं दोन. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, एक पाय आत घालून बसावं लागतं. गणपतीला वाकता येत नाही. तेव्हा आधी आई मागे, मग सीट सरळ, मग पुढे मी, मग माझ्या मांडीवर पाट आणि पाटावर देव, असा क्रम ठरला. पण आई मागे बसल्यावर म्हणाली, देवाकडे पाठ करून मी पुढे बसायचं आणि ती मागे, हे काही बरोबर नाही. कोणाची पाठ कोणाकडे होते याचा हिशेब बिघडला होता, पण वाद नको म्हणून मी उतरलो, सीट दुमडली, आई उतरली, मी मागे शिरलो. देव आत येईना, कारण सीट दुमडली तरी पाट आडवा. पाट उभा करायचा तर देवाला पाटावरून उचलायला हवं, आणि एकदा पाटावर बसवलेला उचलायचा नाही. मूर्तिकार हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "मागच्या वर्षीच्या मूर्तीवरच्या सापाच्या फण्याला उंची जास्त होती, यंदा हातानं आखूड केला, ते बरं झालं." यातून मार्ग काय निघाला ते त्यांनाच ठाऊक. शेवटी आई मागे, देव पुढच्या सीटवर पट्टा लावून, भाचा चालवतोय, आणि मी नेहमीप्रमाणे पावसातून चालत, असे आम्ही आलो. आळीतल्या पोरांनी मोरया म्हटलं. इंजिनाचा आवाज नसल्याने ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

त्या रात्री भाच्याने अंगणात वायर टाकली. आरतीला दिव्यांची माळ, स्वयंपाकघरात मिक्सर, विहिरीवर पंप आणि अंगणात चिनी सून, अशी चौघांनी एकदम वीज मागितली. "घालीन लोटांगण"ला खट् झालं आणि सगळं घर अंधारात. समईच्या उजेडात आरती पुरी झाली. आईला ती फार आवडली.

अंधारात आप्पांचा आवाज आला. "वीज कुठली येते रे ही?"

तिथून नातं लागलं. २०२४ मध्ये एमजीच्या भारतातल्या व्यवसायात जिंदालांची जेएसडब्ल्यू भागीदार झाली, ३५ टक्क्यांची. कंपनीचं नावच आता जेएसडब्ल्यू एमजी. आणि जेएसडब्ल्यूचं बंदर कुठे? जयगडला. वीजकेंद्र कुठे? जयगडला. चार संच, १२०० मेगावॅट. रत्नागिरी जिल्हा, रत्नागिरी तालुका. आप्पा अंधारात उभे राहिले असावेत, कारण पाट सरकल्याचा आवाज झाला. "अरे, म्हणजे जयगडची!"

पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि सहाव्या दिवशी गाडीला माहेरी, जयगडला, न्यायचं ठरलं. गाडी पूर्ण भरली होती. आप्पा पुढे, मी मागे गुडघे हनुवटीला लावून. आरे-वारेचा रस्ता म्हणजे समुद्र बघायचा असेल तर स्वर्ग आणि बॅटरी बघायची असेल तर परीक्षा. प्रत्येक चढाला पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि आप्पांचं तोंड त्याबरोबर. ब्रह्मदेशच्या थिबा राजाची आठवण निघालीच. त्याला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, एवढा राजवाडा बांधून दिला, पण रत्नागिरी सोडून जायची सोय नव्हती. "हिचंही तसंच रे," आप्पा म्हणाले. "परवानगी प्लगकडून."

मग आऱ्याचा उतार लागला. भाच्याने पाय उचलला. गाडी स्वतःच हळू झाली आणि पडद्यावर काटा उलटा फिरला.

"हे काय?"

"उतारावर चाकं मोटर फिरवतात, आप्पा. थोडी वीज परत बॅटरीत जाते."

"परत?" आप्पा पुढे वाकले. "खर्च केलेली परत येते?"

"थोडी."

ऑक्सफर्ड, शांघाय, लिऊचौ, चार लाख गाड्या, जी-२०, पाच शंकरपाळ्या यांपैकी कशानेही जे झालं नव्हतं ते त्या उताराने केलं. आप्पा सीटवर नीट बसले. त्यांनी काच खाली केली, समुद्राकडे पाहिलं आणि "हुशार लोक आहेत हो," म्हणाले. पुढे जयगडपर्यंत प्रत्येक चढाला ते "असू दे, मिळतील परत" म्हणत होते. चढाचे सगळे मिळत नाहीत, हे भाच्याने त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

जयगडला लांबून धुराडं दिसलं. धक्क्याला कोळशाची बोट होती. हे केंद्र परदेशातल्या कोळशावर चालतं, त्यात इंडोनेशियाचा कोळसाही येतो, हे भाच्याने फोनमध्ये बघून सांगितलं. आप्पांनी बोटीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "पाळणा तिकडेच हलला ना हिचा?" ते म्हणाले. "मग बरोबर आहे. आजोळहून शिधा येतोय."

आम्ही जयविनायकाचं दर्शन घेतलं. आप्पांनी खिशातून एक नारळ काढून, कोणी बघत नाहीसं पाहून, गाडीच्या पुढच्या चाकाशी ठेवला. चाक स्कूटरच्या चाकाएवढं. नारळ त्याला अगदी शोभून दिसला. परत येताना तो नारळ त्यांनी न विसरता उचलून घेतला. संध्याकाळी त्याची आमटी होती.

दुसऱ्या दिवशी भाचा निघाला. कोल्हापूर, सातारा असे मुक्काम कळवून झाले होते. आईने पुढच्या सीटवर फणसपोळीची पिशवी ठेवून तिला पट्टा लावला. गाडी तुळशीला वळसा घालून बेड्यातून बाहेर गेली, दोन्हीकडे तळहाताएवढी जागा ठेवून. आप्पा आमच्या ओटीवर वही उघडून बसले होते. सगळे बाण, दत्तकविधान, मोडलेली लग्नं जागच्या जागी होती. फक्त वरच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर वळणदार काढत लिहिलं:

मूळ गाव: जयगड (अंदाजे).

मग थोडं थांबून, प्रत्येक घराण्यात शेवटी जे लिहावंच लागतं ते:

हल्ली मुक्काम: पुणे.